संशोधकांसोबतची भागीदारी : गणित शिक्षकाच्या पदरात नेमके काय पडते?

छेदस्थान

नमस्कार. माध्यमिक वर्गांना गणित शिकवणाऱ्या आम्हा चार शिक्षकांपुढे विद्यापीठातील गणितशिक्षणाच्या संशोधकांनी दोन वर्षांच्या भागीदारीचा प्रस्ताव ठेवला आहे. संशोधक दर पंधरवड्याला आमच्या वर्गात बसतील, काही तासांचे चित्रीकरण करतील, महिन्यातून एकदा आमच्यासोबत बैठक घेतील आणि त्यातून शिक्षकांचा व्यावसायिक विकास साधला जाईल, असे मसुद्यात म्हटले आहे. हे शेवटचे वाक्य माझ्या घशाखाली उतरले नाही, कारण विकास कोणाचा, कशातून, आणि तो झाला की नाही हे ठरवणार कोण, याविषयी त्यात अवाक्षरही नाही. सुट्टीतील कार्यशाळा, हजेरीपट, प्रमाणपत्र आणि शाळा उघडल्यावर पुन्हा पहिल्यासारखेच पाठ टाचण, हे चक्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ही भागीदारी त्याहून वेगळी ठरावी असे वाटत असेल, तर होकार देण्यापूर्वी काय विचारावे आणि कशाचा आग्रह धरावा? ज्यांना अशा कामाचा अनुभव किंवा अभ्यास आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तळटीप

आपल्याला जे खटकले ते खटकण्यासारखेच आहे. जॉन वॅग्नर यांनी १९९७ साली शाळा आणि संशोधक यांच्यातील सहकार्याचे तीन प्रकार मांडले होते. पहिल्या प्रकारात संशोधक येतो, माहिती गोळा करतो आणि जातो. शिक्षक हा त्याच्या दृष्टीने माहितीचा केवळ स्रोत असतो. दुसऱ्यात दोघे मिळून वर्गातील एखाद्या अडचणीवर काम करतात, परंतु चिकित्सा होते ती शिक्षकाच्या कामाची. संशोधकाचे काम प्रश्नांकित होत नाही. तिसऱ्यात दोघेही शिकणारे असतात आणि दोघांच्याही कामाची तपासणी होते. नॉर्वेमध्ये बार्बरा जॉवर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात हा तिसरा प्रकार जाणीवपूर्वक राबवून पाहिला. तेथे विद्यापीठातील अध्यापक आणि शाळांतील शिक्षक कार्यशाळांत एकत्र बसून आधी स्वतः गणिते सोडवत आणि मग वर्गासाठी कृती रचत.

आपल्याला मिळालेल्या मसुद्यातील मजकूर पहिल्या प्रकारचा आणि शीर्षक तिसऱ्या प्रकारचे दिसते. विचारण्याचा पहिला प्रश्न म्हणून मी हा सुचवेन: मासिक बैठकीत चर्चेचा विषय कोण ठरवणार, आणि गोळा झालेल्या सामग्रीचा अर्थ लावताना शिक्षक त्या खोलीत असणार की नाही?

उजळणी

मी येथे थोडा विरोधी सूर लावतो. गणित शिक्षकांच्या व्यावसायिक विकासावर अमेरिकेच्या शिक्षण विभागाने मोठे, यादृच्छिक निवडीवर आधारलेले प्रयोग करवून घेतले आहेत. सातवीच्या शिक्षकांसाठी परिमेय संख्यांवर आखलेल्या सघन कार्यक्रमाचा अंतिम अहवाल २०११ मध्ये आला. त्यात दोन वर्षांअखेरीस शिक्षकांच्या विषयज्ञानात किंवा विद्यार्थ्यांच्या गुणांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. २०१६ च्या दुसऱ्या अहवालात चौथीच्या शिक्षकांना ९३ तासांचे प्रशिक्षण दिले होते. शिक्षकांचे ज्ञान वाढले, अध्यापनाच्या काही अंगांतही सुधारणा दिसली, पण विद्यार्थ्यांच्या गुणांवर त्याचा अनुकूल परिणाम झाला नाही. ९३ तास म्हणजे आपल्या नेहमीच्या कार्यशाळांच्या तुलनेत चैन म्हणावी लागेल. एवढे करूनही मुलांच्या पदरात काही पडत नसेल, तर पंधरवड्यातून एकदा मागच्या बाकावर कोणी येऊन बसल्याने काय साध्य होणार आहे?

रेषाखंड

उजळणी यांनी दिलेले दाखले अचूक आहेत आणि ते डोळ्यांआड करू नयेत. मात्र त्या दोन्ही कार्यक्रमांत काय शिकायचे हे आधीच ठरलेले होते आणि शिक्षकांनी ते आत्मसात करून वर्गात न्यावे अशी अपेक्षा होती. भागीदारीच्या बाजूने बोलणारा पुरावा वेगळ्या जातीच्या कामातून आलेला आहे, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

विस्कॉन्सिन विद्यापीठात टॉमस कारपेंटर, एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक साधी दिसणारी गोष्ट केली. लहान मुले बेरीज-वजाबाकीची शाब्दिक उदाहरणे कशी सोडवतात याविषयीचे संशोधन तोवर बरेच जमले होते. 'सुरुवातीला ५ गोट्या होत्या, आता १२ आहेत, तर किती मिळाल्या?' आणि 'एकाकडे ५ आहेत, दुसऱ्याकडे १२ आहेत, तर दुसऱ्याकडे किती जास्त?' ही दोन्ही उदाहरणे प्रौढांना '१२ वजा ५' एवढीच दिसतात. मुलांना ती एकसारखी वाटत नाहीत, कारण पहिल्यात काहीतरी घडते आणि ते करून पाहता येते, तर दुसऱ्यात नुसती तुलना आहे. मुले आधी वस्तू मांडून घडलेली गोष्ट जशीच्या तशी करतात, मग मोजण्याच्या युक्तीवर येतात (पाचाच्या पुढे सहा, सात असे बोटांवर), आणि नंतर 'पाच आणि पाच दहा, आणखी दोन' अशी ठाऊक असलेल्या बेरजेवरून नवी बेरीज काढू लागतात.

संशोधकांनी पहिलीच्या ४० शिक्षकांपैकी निम्म्यांना उन्हाळ्यात चार आठवडे हे ज्ञान दिले, परंतु ते वर्गात कसे वापरावे याची तयार पाठमाला दिली नाही. तो निर्णय शिक्षकांवर सोडला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या शिक्षकांनी वर्षभर शाब्दिक उदाहरणांना अधिक आणि पाठांतराच्या सरावाला कमी वेळ दिला, मुलांचे म्हणणे अधिक ऐकले, आणि तरीही त्यांची मुले संख्यांच्या मूलभूत बेरजा-वजाबाक्यांत मागे पडली नाहीत.

माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. कार्यक्रम संपून चार वर्षे झाल्यावर मेगन फ्रँकी आणि सहकाऱ्यांनी २२ शिक्षकांना पुन्हा गाठले. मुलांच्या विचारांचा वापर सर्वांच्याच अध्यापनात कमी-अधिक टिकून होता, आणि २२ पैकी १० जणांचे शिक्षण तर बाहेरचा आधार सुटल्यावरही चालूच राहिले होते. हे दहा जण मुलांच्या रीतींविषयीचे ज्ञान आपल्या वर्गात तपासून पाहत होते, त्यात भर घालत होते. थोडक्यात, संशोधनाचा निष्कर्ष त्यांच्या हाती आला होता आणि संशोधनाची सवयही त्यांना लागली होती. गुणांच्या एकाच मोजपट्टीवर हे दिसत नाही, पण मी ज्याला व्यावसायिक विकास म्हणेन तो हाच.

तासिका आठवी

सर्व खरे, परंतु वेळ कोठून आणायचा? मोकळी तासिका बदलीच्या वर्गाला जाते, वह्या घरी तपासाव्या लागतात, त्यात मासिक बैठक शाळा सुटल्यावर घेतली तर तिसऱ्या महिन्यात ती बंद पडते. वेळापत्रकात जागा मिळाली नाही तर नकार द्यावा, हा माझा रोखठोक सल्ला.

वहीचे मागचे पान

वेळेचा मुद्दा मान्य. तरीही उपलब्ध वेळात काय करावे यावर बरेच काही अवलंबून असते, म्हणून मी सहभागी असलेल्या गटातील एक प्रसंग लिहिते.

बैठकीचा आमचा एकच नियम होता: प्रत्येक शिक्षकाने एकच प्रश्न आपापल्या वर्गाला द्यायचा आणि वह्या घेऊन यायच्या. एकदा विषय होता दशांश अपूर्णांकांची तुलना. ०.७ आणि ०.३५ यांपैकी मोठी संख्या कोणती, हे विचारल्यावर काही मुलांनी ०.३५ लिहिले आणि कारण दिले की ७ पेक्षा ३५ मोठे. ही चूक आम्हा सर्वांच्या ओळखीची होती. ज्यांनी ०.७ लिहिले त्यांच्यावर आम्ही बरोबरची खूण करून पुढे गेलो असतो, परंतु संशोधक बाईंनी दुसरी जोडी सोबत द्यायला सांगितले होते: ०.८२५ आणि ०.६. पहिल्या प्रश्नात बरोबर असलेल्यांपैकी काहींनी येथे ०.६ मोठी ठरवली. एका मुलाने शेजारी व्यवस्थित लिहिले होते की दशांश हे मोठे तुकडे, सहस्रांश हे बारीक तुकडे, म्हणून ज्या संख्येत दशांश आहेत ती मोठी. म्हणजे पहिला प्रश्न त्याने चुकीच्या नियमाने बरोबर सोडवला होता! तुकडा लहान की मोठा एवढेच तो पाहत होता. तुकडे किती आहेत हे त्याच्या हिशेबात नव्हते.

मेलबर्नमधील के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांच्या कामामुळे हे दोन्ही गैरसमज संशोधकांना परिचित आहेत. 'लांब ती मोठी' असे मानणारी मुले वरच्या इयत्तांत कमी होत जातात, 'आखूड ती मोठी' असे मानणारी मात्र माध्यमिक वर्गांतही सापडतात. ज्या स्वाध्यायात दोन्ही संख्यांना दशांश चिन्हापुढे सारखेच अंक असतात, त्यात या दोन्ही प्रकारच्या मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळतात, हे कळल्यावर माझ्या शेजारच्या सरांनी आपली चाचणी तेथेच बसून दुरुस्त केली.

आता आमच्या बाजूने काय गेले ते सांगते. पहिल्या प्रकारच्या चुका एकाच वर्गात इतक्या का, याचे उत्तर संशोधकांकडे नव्हते. त्या वर्गाच्या शिक्षिकेने सांगितले की नुकताच लांबीच्या मापनाचा पाठ झाला होता आणि १ मीटर ३५ सेंटिमीटर म्हणजे १.३५ मीटर असे लिहिण्याचा भरपूर सराव झाला होता; त्यामुळे मुले दशांश चिन्हाकडे मीटर आणि सेंटिमीटर वेगळे करणारी रेघ म्हणून पाहू लागली आणि १.७ म्हणजे १ मीटर ७ सेंटिमीटर असे वाचू लागली. पुढच्या बैठकीसाठी मुलाखतीचे प्रश्न या अंदाजावरून तयार झाले. प्रश्नांच्या जोड्या कशा निवडायच्या हे त्यांना ठाऊक होते, आदल्या आठवड्यात वर्गात काय घडले हे आम्हाला. दोन्ही एका मेजावर आल्याशिवाय त्या वह्यांतून काही निष्पन्न झाले नसते.

फळ्याची डावी बाजू

जपानमधील पाठ-अभ्यासाचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. तेथे ही पद्धत शतकाहून अधिक जुनी आहे. जपानबाहेर तिचा बोलबाला झाला तो प्रामुख्याने १९९९ नंतर, जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी तिकडे लक्ष वेधल्यावर. शिक्षकांचा गट एकच पाठ दीर्घकाळ तयार करतो, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत टिपणे घेतात आणि मुलांना मदत करण्याचा मोह कटाक्षाने टाळतात. चर्चेत शिकवणारा शिक्षक आधी बोलतो आणि बाहेरून बोलावलेला जाणकार, बहुधा विद्यापीठातील प्राध्यापक किंवा अनुभवी शिक्षक, शेवटी बोलतो.

हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. जाणकार आधी बोलला तर बाकीच्यांच्या टिपणांना किंमत उरत नाही, सगळे माना डोलावून मोकळे होतात. इतरत्र या पद्धतीची नक्कल झाली तेव्हा एका आदर्श पाठाचे प्रदर्शन आणि नंतर कौतुकाची भाषणे, असे तिचे रूप अनेकदा झाले. पाठापूर्वीचा विषयसाहित्याचा अभ्यास, म्हणजे निरनिराळी पाठ्यपुस्तके, पूर्वीचे संशोधन आणि मुलांची संभाव्य उत्तरे यांची छाननी, हाच भाग गाळला गेला, कारण तो वेळखाऊ आहे आणि छायाचित्रात येत नाही. संशोधकांची खरी गरज याच टप्प्यावर असते. छेदस्थान यांनी संशोधकांना मागच्या बाकावरून उठवून पाठ टाचणाच्या मेजावर आणून बसवावे.

छेदस्थान

सर्वांचे मनापासून आभार. काल सहकाऱ्यांशी बोलले. आम्हाला भेडसावणारा प्रश्न बीजगणिताच्या सुरुवातीचा आहे: समीकरण सोडवताना मुले बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना समान क्रिया का करत नाहीत, 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' एवढेच का धरून बसतात? संशोधकांचा विषय मात्र प्रमाण हा आहे. त्यांच्या विषयाला होकार द्यावा की आपला पुढे करावा?

तळटीप

आपला पुढे करावा, आणि त्यामागे संशोधनाचे बळही आहे हे सांगावे. आपल्या वर्गाला ८ + ४ = □ + ५ हे उदाहरण देऊन पाहा. चौकटीत ७ यायला हवेत. बरीच मुले १२ लिहितील, काही सगळ्याच संख्यांची बेरीज करून १७ लिहितील. हे उदाहरण अमेरिकेत सहावीच्या १४५ विद्यार्थ्यांना दिले तेव्हा झाडून सर्वांची उत्तरे १२ किंवा १७ आली, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात नोंदवले आहे. बरोबर चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी आज्ञा, ही समजूत लहान वर्गांतच घट्ट होते, आणि अशा मुलाला समीकरणाच्या दोन बाजू दिसणारच कशा?

या लेखाच्या तीन लेखकांपैकी दोघे, लिंडा लीवाय आणि टॉमस कारपेंटर, संशोधक होते. पहिले नाव मात्र कॅरन फॉकनर यांचे आहे आणि त्या प्राथमिक वर्गाच्या शिक्षिका होत्या. ७ = ३ + ४ किंवा ८ = ८ अशी विधाने खरी की खोटी यावर त्यांच्या वर्गातील लहान मुलांनी घातलेले वाद हा त्या लेखाचा गाभा आहे.

मूळ संख्या

मी स्वतः विद्यापीठात गणित शिकवतो, शिक्षणशास्त्र नव्हे, त्यामुळे एक वेगळा मुद्दा मांडतो. फ्रान्समध्ये १९६९ पासून गणिताच्या अध्यापनावर संशोधन करणाऱ्या संस्था विद्यापीठांत स्थापन होऊ लागल्या. त्यांत शाळेतील शिक्षक आणि गणितज्ञ एका गटात बसून वर्गासाठी साहित्य तयार करतात आणि शिक्षक आपली शाळा न सोडता त्यात काम करतात. अशा भागीदारीत शालेय गणिताकडे 'सोपे गणित' म्हणून पाहणे गणितज्ञांना सोडावे लागते. १ पूर्णांक ३/४ भागिले १/२, म्हणजेच पावणेदोन भागिले अर्धा, याला साजेशी गोष्ट रचून दाखवा असे लिपिंग मा यांनी अमेरिकी आणि चिनी शिक्षकांना विचारले होते. अमेरिकी शिक्षकांपैकी अनेकांच्या गोष्टीत अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागणे आले. उत्तर काढता येणे आणि त्या क्रियेला अर्थ देता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि माझ्या कित्येक सहकाऱ्यांनाही अशी गोष्ट रचताना थोडे थांबावे लागते, हे मी पाहिले आहे. म्हणून बैठकीचा पहिला अर्धा तास सर्वांनी मिळून गणित करण्यात घालवावा, असे सुचवतो.

उजळणी

वह्यांचा प्रसंग मला पटला. माझा आक्षेप कार्यक्रमांच्या गाजावाजावर होता, अशा बैठकांवर नव्हे. आता व्यवहाराच्या काही बाबी. चित्रीकरणासाठी पालकांची आणि मुलांची संमती हवी, ती कधीही मागे घेता यायला हवी आणि चित्रफिती कोठे, किती काळ ठेवल्या जातील हे लेखी हवे. चित्रफीत मूल्यमापनासाठी मुख्याध्यापकांकडे जाणार नाही, ही अट सर्वांत वर लिहा; तसे झाले तर शिक्षक कॅमेऱ्यापुढे फक्त बेतलेले पाठ शिकवतील आणि संशोधनही वाया जाईल. निबंधात शिक्षकाचे नाव सहलेखक म्हणून येणार की टोपणनावाने येणार, हे ज्याचे त्याने ठरवावे. गुप्ततेच्या नावाखाली शिक्षकाचे श्रेयही झाकले जाते, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. शेवटी, काय मोजणार हे आधी ठरवा. वार्षिक परीक्षेचे गुण मोजायचे असतील तर माझी शंका कायम आहे. पण चौकटीच्या त्या उदाहरणाला मुले काय कारणे देतात हे वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी नोंदवले, तर तो पुरावा मी मानेन.

रेषाखंड

मुख्याध्यापकांविषयी एक पुरवणी. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठातील पॉल कॉब यांच्या गटाने २००७ पासून मोठ्या शालेय जिल्ह्यांसोबत काही वर्षे काम केले आणि दरवर्षी आपले निष्कर्ष तेथील अधिकाऱ्यांपुढे ठेवून पुढच्या वर्षाची आखणी एकत्र केली. वर्गातला बदल टिकण्यासाठी वेळापत्रक, मार्गदर्शक आणि मुख्याध्यापकांच्या अपेक्षा यांचा मेळ बसावा लागतो, हा त्यांच्या कामाचा रोख होता. तासिका आठवी यांची तक्रार म्हणूनच किरकोळ नाही. ती थेट करारात जायला हवी.

छेदस्थान

आज संशोधकांना उत्तर पाठवले. बरोबर चिन्हापासून सुरुवात करू आणि दुसऱ्या वर्षी प्रमाणाकडे जाऊ, कारण दोन गुणोत्तरे समान असणे हाही समानतेचाच प्रश्न आहे, असे लिहिले. बैठक शाळेच्या वेळेत, महिन्यातील एका ठरलेल्या दिवशी शेवटच्या दोन तासिकांत. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाही बदलीचा वर्ग नाही, याला मुख्याध्यापकांनी तोंडी होकार दिला आहे आणि लेखी मागितला आहे. पहिल्या बैठकीला आम्ही वह्या आणू आणि संशोधकांनी आपली मुलाखतीची पद्धत आमच्यापुढे एका मुलावर करून दाखवावी, म्हणजे चिकित्सा दोन्हीकडून होईल. चित्रफितींची अट जशीच्या तशी घातली आहे. सहलेखनाबाबत आमच्यात अजून एकमत नाही. दोघांना नाव हवे आहे, दोघांना नको, त्यामुळे तो रकाना सध्या रिकामा ठेवला आहे.

तासिका आठवी

लेखी होकार हाती येईपर्यंत पहिल्या बैठकीची तारीख देऊ नका.